सदतीस सालचं माझं मत

१९३७ च्या फेब्रुवारीत मुंबई इलाख्यात जी प्रांतिक निवडणूक झाली, तीत मी मत कुणाला दिलं असतं, हा प्रश्न बरेच दिवस माझा पिच्छा सोडत नाही. प्रश्न निरुपयोगी आहे. मी तेव्हा जन्मलो नव्हतो, माझे वडीलही नव्हते. पण निरुपयोगी प्रश्नाची एक सोय असते. उत्तर देताना काही गमवायचं नसतं, त्यामुळे माणूस खरं बोलेल अशी आशा असते. मलाही ती होती. उत्तर शोधायला बसल्यावर लक्षात आलं की नव्वद वर्षं मागे जाऊनसुद्धा मी स्वतःलाच झुकतं माप देतो आहे.

पहिलं उत्तर झटकन आलं: आंबेडकरांच्या पक्षाला. त्यात शंका ती काय? मी सुशिक्षित आहे, संविधानाबद्दल आदरानं बोलतो, जातीवरून कुणाला वेगळं वागवत नाही असा माझा समज आहे. मग मी त्या बाजूला असणारच. हे उत्तर माझ्या ओळखीतला कुणीही देईल. महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांबरोबर पाणी प्यायला आज आमच्या वर्गातले इतके लोक मनानं हजर आहेत की तेवढे खरोखर गेले असते तर तळं आटलं असतं. १९२७ साली मात्र ते सगळे कुठे होते, हे विचारायचं नाही.

म्हणून मी स्वतःला जरा खाली बसवलं. ‘मी’ म्हणजे आजचा मी, आजच्या पुस्तकांसकट, तिथे नेऊन ठेवायचा नाही. सदतीस साली माझ्या जागी जो असता तो घ्यायचा. तो कोण, ते ठाऊक आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावचे ब्राह्मण खोत, म्हणजे माझे पणजोबा.

आधी मत कुणाला होतं ते पाहू. १९३५ च्या कायद्याखाली ब्रिटिश हिंदुस्थानातल्या अकरा प्रांतांत ही निवडणूक झाली. मतदार होते सुमारे तीन कोटी. त्याआधीच्या मानानं हा आकडा मोठाच, तरी बहुतेक प्रौढ माणसं यादीच्या बाहेरच राहिली. जमिनीचा सारा, घरभाडं, कर, शिक्षण अशा कसल्या ना कसल्या पुराव्यावर नाव लागायचं. आमच्या गावात त्या यादीत कुणाची नावं असणार हे सांगायला जुनं दप्तर काढावं लागत नाही. सारा सरकारात भरायचा तो खोतानं. कुळं जे पिकवत आणि खोताला देत, त्याचा हिशेब आमच्या ओटीवर व्हायचा, मामलेदार कचेरीत नाही. ज्याच्या घामावर सारा निघायचा तो मतदार असेलच असं नव्हतं. ज्याच्या हातून तो भरला जायचा तो मतदार असायचाच.

खोतीबद्दल आमच्या घरात जे बोललं जायचं ते लहानपणापासून ऐकत आलो आहे. खोत काही जमीनदार नव्हते. वाटण्या होत होत दोन-दोन आण्यांचा हिस्सा उरलेला. घरात माणसं पंधरा, भात पुरायचं पौषापर्यंत. कुळांशी संबंध घरच्यासारखे. यातलं बरंचसं खरं आहे, आणि म्हणूनच ते फार कामाला येतं. कोकणातले कितीतरी खोत खरंच फाटके होते. सगळे ब्राह्मणही नव्हते, मराठा, कायस्थ, मुसलमान खोतही होते. पण फाटक्या खोताच्या खाली आणखी फाटकं कूळ होतं आणि पावसानं दगा दिला तरी खंड चुकत नव्हता. वेठबिगार कायद्यानं केव्हाच गेली होती म्हणतात. घर शाकारायचं असलं, लग्नकार्य असलं, पालखी-मेणा उचलायचा असला की माणसं मात्र बोलावल्याबरोबर येत. ‘घरच्यासारखे संबंध’ याचा अर्थ कुळाच्या घरात काय केला जायचा, हे आम्ही कधी विचारलं नाही. आणि साहित्यानंही आमची सोयच केली. श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’मध्ये मी एका खोत घराण्याची पडझड वाचली आणि हळहळलो. कुळांच्या बाजूनं एवढ्याच जाडीची कादंबरी आपण वाचलेली नाही, हे ध्यानात यायला मला बराच वेळ लागला.

तर त्या पणजोबांच्या समोर सदतीसच्या फेब्रुवारीत काय होतं?

एका बाजूला काँग्रेस. दोनच महिन्यांपूर्वी खानदेशात फैजपूरला तिचं अधिवेशन झालं होतं, खेड्यात भरलेलं पहिलंच. नेहरू अध्यक्ष होते, शेतकऱ्यांसाठी खंड आणि सारा कमी करण्याचा कार्यक्रम तिथे मांडला गेला होता. दुसऱ्या बाजूला आंबेडकरांनी १९३६ च्या ऑगस्टमध्ये काढलेला स्वतंत्र मजूर पक्ष. नाव मजुरांचं, पण कोकणात त्याचा रोख सरळ खोतीवर होता. त्या पक्षात अनंतराव चित्रे होते, शामराव परुळेकर होते. दोघेही वरच्या जातींतले, दोघेही त्या निवडणुकीत निवडून आले. शेजारच्या कुलाबा जिल्ह्यात चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली १९३३ पासून जमिनी कसायच्याच बंद केल्या होत्या. शेतं वर्षानुवर्षं ओसाड पडली, कुळं मोलमजुरीवर जगली, पण संप मोडला नाही. ही बातमी रत्नागिरीच्या खोतांपर्यंत पोचली नसेल असं शक्य नाही. आमच्या ओटीवर ती कशा सुरात बोलली गेली असेल, ते मी बसल्या जागी ऐकू शकतो.

मी मत काँग्रेसला दिलं असतं.

हे कबूल करणं अवघड नव्हतं. अवघड पुढचंच आहे. ते मत मी लबाडीनं दिलं नसतं. खोती वाचवायची म्हणून काँग्रेस, असा हिशेब माझ्या डोक्यात आलाही नसता. मी खादी घालून गेलो असतो. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्या कुणा मित्राची आठवण काढून गेलो असतो. मतदान करून बाहेर येताना डोळ्यांत पाणी असतं आणि ते खरं असतं. आपण देशासाठी काहीतरी केलं या भावनेनं मी त्या रात्री गाढ झोपलो असतो, आणि त्या झोपेत माझा खंड सुरक्षित राहिला असता. तत्त्व आणि फायदा एकाच बाजूला उभे असले की फायदा दिसतच नाही. तत्त्वाच्या सावलीत तो बरोबर झाकला जातो. पणजोबांना कुणी विचारलं असतं की मजूर पक्षाला मत का नाही, तर त्यांनी खोतीचा उल्लेखही केला नसता. स्वराज्याच्या लढ्यात फूट नको, हे उत्तर त्यांनी दिलं असतं. ते उत्तर खोटं नव्हतं. तेच तर मला झोंबतं.

मुंबईत भायखळा-परळ मतदारसंघात काय झालं ते पाहिलं की हे आणखी स्पष्ट होतं. तिथे राखीव जागेवर आंबेडकर उभे होते आणि काँग्रेसनं त्यांच्यासमोर उभे केले बाळू पालवणकर. बाळू म्हणजे हिंदुस्थानातला पहिला मोठा डावखुरा फिरकी गोलंदाज. चर्मकार समाजातला. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखता राखता नेटमध्ये गोलंदाजी करायला लागला. पुढे हिंदूंच्या संघात आला तर सहकारी मैदानात त्याच्या चेंडूवर झेल घेत आणि चहाच्या वेळी त्याला बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं शंभराहून अधिक बळी घेतले. हिंदू संघाचं कप्तानपद त्याला कधीच दिलं गेलं नाही. असा हा माणूस साठीत आला असताना निवडणुकीला उभा राहिला. त्याला ११,२२५ मतं पडली, आंबेडकरांना १३,२४५.

पालवणकरांच्या हेतूबद्दल मला काही म्हणायचं नाही. त्यांनी सोसलं ते सोसून त्यांना काँग्रेसचा मार्ग पटला असेल, तर तो त्यांचा हक्क. मी पाहतो आहे ते त्या ११,२२५ मतांकडे. पुणे करारानंतर राखीव जागांसाठीही मतदार सगळेच होते, म्हणजे दलितांचा प्रतिनिधी कोण असावा यात माझ्यासारख्यालाही मत होतं. मुंबई इलाख्यात एका मतदारसंघात जेवढ्या जागा तेवढी मतं मतदाराला असत आणि हवी तर सगळी एकालाच टाकता येत. गिरगावातून परळला राहायला गेलेला एखादा सुधारक ब्राह्मण कारकून मी असतो, तर बाळूला मत देताना मला केवढा आनंद झाला असता! एकाच वेळी अस्पृश्यतेविरुद्ध मत, गांधीजींना मत, लहानपणच्या दैवताला मत. आणि ते सगळं आंबेडकरांच्या विरुद्ध. एकाही वाईट भावनेला मनात जागा न देता मी त्या माणसाला पाडायला मदत केली असती. सदसद्विवेकबुद्धीला अशी मेजवानी रोज मिळत नाही.

निकाल लागले. इलाख्याच्या १७५ जागांपैकी काँग्रेसला ८६, बहुमताला दोन कमी. मजूर पक्षानं सतरा उमेदवार उभे केले होते, त्यांतले बहुतेक निवडून आले. पण गव्हर्नरच्या विशेष अधिकारांवरून काँग्रेस आधी सत्तेत यायलाच तयार नव्हती. म्हणून धनजीशा कूपर यांचं तात्पुरतं मंत्रिमंडळ आलं. रत्नागिरीकरांना त्याची आठवण एका कारणासाठी असावी: त्याच मंत्रिमंडळाच्या काळात, १० मे १९३७ ला, रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांवरची बंधनं उठली. जुलैमध्ये काँग्रेसनं सत्ता घेतली आणि बाळासाहेब खेर मुख्यमंत्री झाले. मुंबईचे काँग्रेस पुढारी नरीमन का नाहीत, खेर का, यावर त्या वेळी पुष्कळ धुरळा उडाला, तो इथे उडवत नाही. खेर रत्नागिरीत जन्मलेले. माणूस साधा, सज्जन. याबद्दल त्यांच्या विरोधकांचंही दुमत नव्हतं. आमच्या घरी त्या दिवशी गूळ वाटला असेल तर मला नवल वाटणार नाही.

आणि मग १७ सप्टेंबर १९३७ ला आंबेडकरांनी विधानसभेत खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. खोतांना भरपाई द्यावी, कसणाऱ्याला जमिनीचा हक्क मिळावा, असं त्याचं स्वरूप होतं. म्हणजे ते काही खोतांना रस्त्यावर आणणारं नव्हतं. १९३८ च्या जानेवारीत कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन गेले. विधेयक मंजूर झालं नाही. महसूल खात्याचे मंत्री मोरारजी देसाई होते. त्याच सरकारनं सत्याग्रहात जप्त झालेल्या गुजरातेतल्या शेतकऱ्यांच्या जमिनी परत मिळवून देण्यासाठी १९३८ मध्ये कायदा केला, तो न्याय्यच होता. म्हणजे जमिनीचा प्रश्न त्यांना कळत नव्हता असं नाही. जमीन कुणाकडून घ्यायची यावर सगळं अडत होतं. त्याच वर्षी आणलेल्या औद्योगिक कलहाच्या कायद्याविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ ला मुंबईत आंबेडकर आणि कम्युनिस्टांनी एकत्र येऊन मोठा संप केला. १९३९ च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळानं महायुद्धाच्या प्रश्नावर राजीनामा दिला. खोती गेली ती १९४९ च्या कायद्यानं. तेव्हाही मुख्यमंत्री खेरच होते.

सदतीस ते एकोणपन्नास, बारा वर्षं. या बारा वर्षांवर मी अडकून बसलो आहे.

त्या काळात आमचे आजोबा गावाहून पुण्याला शिकायला गेले. पैसे कुठून आले, हे घरात कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. भात विकलं जायचं, आंबा-काजू विकला जायचा, आणि त्यातलं बरंच खंडातून आलेलं. आजोबा शिकले, नोकरीला लागले, शहरात घर झालं. वडील शहरात वाढले. मी इंग्रजी शाळेत गेलो. आमच्या घरात आजही ‘जमीन गेली’ असं म्हणतात. १९४९ चा कायदा, कूळकायदा, १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन, कसणारे मालक झाले, आम्ही उघडे पडलो. पण जायच्या आधीच जमिनीनं आपलं काम करून ठेवलं होतं. तिचं शिक्षणात रूपांतर झालं होतं आणि शिक्षणावर कूळकायदा लागत नाही. विधेयक १९३७ सालीच मंजूर झालं असतं, तर ती बारा पिकं कुळाच्या घरात राहिली असती. तिथला एखादा मुलगा शाळेत आणखी काही वर्षं टिकला असता. आजोबा पुण्याला गेले असते की नाही, कोण जाणे. माझ्या पदवीच्या कागदावर विद्यापीठाचा शिक्का आहे, त्या निवडणुकीचा नाही. असायला हरकत नव्हती.

मला अपराधी वाटतं का? थोडंफार. पण अपराधी वाटण्याबद्दल मला फारसा आदर नाही. ती आमच्या वर्गाची जुनी चैन आहे: चांगलं बोलता येतं, दोन लेख लिहिता येतात, श्रोते कौतुक करतात आणि कपाटातला एक चमचाही इकडचा तिकडे होत नाही. पणजोबांचा निवाडा करायलाही मी बसलेलो नाही. त्यांना आडवं घेणं सोपं आहे, कारण ते उत्तर देऊ शकत नाहीत. मला जे तपासायचं आहे ते त्यांच्याकडून माझ्याकडे आलेलं आहे. जमीन आली नाही, पण ती झोप आली: मत देऊन आल्यावर लागणारी गाढ झोप.

२०२४ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात विधानसभेची निवडणूक झाली. महायुतीला २८८ पैकी २३० च्या वर जागा मिळाल्या, एकट्या भाजपला १३२. निकालाच्या संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या आवारात जी चर्चा झाली तीत दोन्हीकडचे लोक होते, जिंकलेले आणि हरलेले. एका मुद्द्यावर मात्र त्यांचं एकमत होतं: लाडक्या बहिणींनी महिना पंधराशे रुपयांत मत दिलं. हरलेले ते संतापानं म्हणत होते, जिंकलेले जरा ओशाळून. मीही मान हलवली असणार. त्या चर्चेत मान न हलवणं कठीण होतं.

पुढच्या फेब्रुवारीत केंद्राच्या अंदाजपत्रकात बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर शून्य झाला. बारा लाख मिळवणाऱ्याचे वर्षाला ऐंशी हजार रुपये वाचणार, असं अर्थमंत्र्यांनी सांगितलं. लाडक्या बहिणीला वर्षाचे मिळतात अठरा हजार. त्या दिवशी आमच्या आवारात कुणी असं म्हणालं नाही की आता आपली मतं विकत घेतली. सगळे म्हणाले, मध्यमवर्गाला अखेर न्याय मिळाला. सरकारी पैसा खाली गेला की रेवडी, आमच्याकडे आला की न्याय. हा फरक कुणी शिकवावा लागत नाही. ओटीवर बसल्याबसल्या तो कळतो. पंधराशे रुपयांकडे बघून मत देणारी बाई निदान आपण कशासाठी मत दिलं हे जाणते. विचारलं तर सांगतेही. मला विचारलं तर मी विकास, देश, संविधान, स्थैर्य यांपैकी काहीतरी सांगेन, आणि ते खोटं नसेल.

मग आज माझी खोती कुठे आहे? शोधायला फार लांब जावं लागत नाही. आमच्या घरी धुणीभांडी करायला बाई येतात. त्यांना महिन्याला काय द्यायचं ते सोसायटीतल्या ‘रेट’वरून ठरतं, म्हणजे आम्ही ठरवतो. सुट्ट्या किती, तेही आम्हीच. आजारी पडल्या तर पगार कापायचा की नाही, हे त्या महिन्यातल्या आमच्या स्वभावावर. महाराष्ट्रात घरकामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. तो मला ठाऊक आहे आणि त्यानं माझ्या खिशाला कधी हात लावलेला नाही. ‘त्या आमच्या घरच्यासारख्याच आहेत,’ हे वाक्य आमच्या घरात बोललं जातं. मीच बोलतो.

समजा उद्या माझ्या मतदारसंघात एखादी उमेदवार उभी राहिली, वस्तीतली, पुढाऱ्यांसारखं बोलता न येणारी. तिचा एकच मुद्दा: घरकामाला तासाप्रमाणे किमान वेतन, आठवड्याला भरपगारी सुट्टी, आजारपणाची रजा, आणि हे न देणाऱ्या घरमालकाला दंड. मी तिला मत देईन का?

तत्त्वतः मी तिच्या बाजूचा असेन. चारचौघांत तसं म्हणेनही. पण मतदानाचा दिवस जवळ येईल तशी माझ्या लक्षात एकेक गोष्ट येऊ लागेल. तिचा पक्ष फार लहान आहे, मत फुकट जाईल. या वेळी देशापुढचा प्रश्न मोठा आहे, मतं फुटता कामा नयेत. असे कायदे घाईनं करू नयेत, आधी एखादी समिती नेमावी. एवढी बंधनं घातली तर लोक कामाला बायका ठेवायचंच बंद करतील आणि नुकसान त्यांचंच होईल. शिवाय दुसऱ्या एका पक्षानंही या वेळी वस्तीतलीच उमेदवार दिली आहे, तिनं शाळेत असताना कबड्डीत राज्य गाजवलं होतं, स्वभावानं किती गोड आहे. तिला मत दिलं तर दोन्ही साधतं.